लाल वगळलेलं निशाण

‘एमटी ७१९’ या स्पिटफायर विमानाचं छायाचित्र समोर आलं की नजर आधी त्याच्या निशाणावर जाते. निळं कडं, आत पांढरा पट्टा आणि मधोमध लाल गोल हे ब्रिटिश लढाऊ विमानांचं निशाण युद्धपटांनी आपल्या डोळ्यांत पक्कं बसवलेलं आहे. इथे मात्र लाल रंगाचा मागमूस नाही. गडद निळ्या कड्यात फिकट निळा गोल, तोही आकाराने लहान. जाणकार या एका खुणेवरून सांगतो, की हे विमान लंडनच्या आकाशातलं नाही. हे भारत-ब्रह्मदेश आघाडीचं.

आणि ते तसंच आहे. स्पिटफायरच्या आठव्या आवृत्तीतलं हे विमान ब्रिटिश हवाई दलाच्या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर या आघाडीवर होतं. १९४७ मध्ये ते भारताच्या वाट्याला आलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस परदेशी संग्राहकांनी भारतातून जी जुनी विमानं नेली त्यांत हेही गेलं. इटलीत त्याचा जीर्णोद्धार झाला, १९८२ मध्ये ते पुन्हा उडालं आणि पुढे अमेरिकेत टेक्सासच्या कॅव्हना संग्रहालयात दाखल झालं. अंगावर रंग चढला तो ब्रह्मदेशातल्या दिवसांचा, ‘वायबी-जे’ या अक्षरांसह. या रंगयोजनेचं सौंदर्य तिच्या कारणांत आहे.

लाल का गेला? जपानी विमानांच्या पंखांवर उगवत्या सूर्याचा लाल गोल असे. झाडांच्या शेंड्यांवरून झपाट्याने येणाऱ्या विमानाकडे पाहणाऱ्या तोफचीला विचार करायला क्षणभरच मिळतो. त्या क्षणात लाल दिसला की बोट चापावर. अमेरिकनांनी १९४२ मध्येच आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला होता; या आघाडीवरही तेच झालं. लाल झाकायला आधी पांढरा वापरला, पण गर्द हिरवाईवर पांढरा दुरून चमकतो. म्हणून फिकट निळा आला आणि निशाणही लहान झालं. शत्रूने हेरू नये आणि आपल्यांनी ओळखावं, या दोन गरजांची रस्सीखेच त्या वीतभर वर्तुळात चालली आहे.

मग नजर पंखांवर जाते आणि थबकते. दोन्ही पंखांवर आडवे, ठसठशीत पांढरे पट्टे, शेपटीवरही तसेच. ज्या पांढऱ्याला निशाणातून हद्दपार केलं, तोच इथे राजरोस मिरवतो. ही विसंगती या रंगयोजनेतली सर्वांत बोलकी जागा. पट्टे आले ते युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, १९४५ च्या सुमारास. तोवर जपानी हवाई बळ बरंच क्षीण झालं होतं. आता लपण्यापेक्षा ओळखलं जाणं महत्त्वाचं ठरलं, कारण आपल्याच माणसाच्या चुकीच्या गोळीचं भय उरलं होतं. रंगवलेल्या विमानांना पांढरे पट्टे आणि उघड्या चंदेरी पत्र्याच्या विमानांना गडद पट्टे, असा नियम होता. एकाच पंखावर युद्धाचे दोन काळ शेजारी दिसतात: निशाणात आधीच्या वर्षांची धास्ती, पट्ट्यांत १९४५ चा आत्मविश्वास.

आमच्या तळेगाव-चाकण या वाहन-उद्योगाच्या पट्ट्यात रंगाची पारख अनेकांच्या हाताला आहे. पेंट शॉपमध्ये काम करणारा माणूस गाडीच्या दारावरचा ‘ऑरेंज पील’, म्हणजे रंगाचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, प्रकाशात तिरकं बघून पकडतो. दोन पॅनेलच्या शेडमध्ये केसभर फरक असला तरी गाडी पुढे जाऊ देत नाही. त्याची सारी धडपड झळाळीसाठी. युद्धविमानाच्या रंगाऱ्याची धडपड नेमकी उलटी: पृष्ठभाग गुळगुळीत हवा, कारण खडबडीतपणा वेग खातो, पण चमक नको, कारण उन्हात चमकलेला पंख जीव घेतो. गुळगुळीत आणि तरीही मंद असा थर चढवणं हे अवघड काम आहे. वरून हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाखाली करडा, हा या आघाडीचा ठरलेला साज. कारखान्यातून हिरव्या-करड्या रंगात निघालेली विमानंही इथे येत, पण तो साज युरोपच्या आकाशासाठी ठरला होता.

जवळून पाहावं असं आणखी काही आहे. स्पिटफायरचं अंग धातूचं, पण शेपटीवरचं सुकाणू कापडाने मढवलेलं. कापडावर ‘डोप’ नावाचं द्रावण लावतात. ते वाळताना कापड ताणून घट्ट करतं. एकाच नावाचा हिरवा पत्र्यावर वेगळा आणि कापडावर किंचित वेगळा दिसतो. अजाण रंगारी हा फरक मिटवून टाकतो. जाणता तो राहू देतो. पंखाच्या पुढच्या कडेला मशिनगनच्या तोंडांवर कापडी चिकटपट्ट्या असतात, आत धूळ आणि ओल जाऊ नये म्हणून. विमान परतलं आणि पट्ट्या फाटलेल्या दिसल्या, की जमिनीवरच्या मेकॅनिकला कळे, गोळीबार झाला. मग तो नव्या चिकटवून त्यावर रंगाचा हात फिरवी. जीर्णोद्धारात या पट्ट्या दिसल्या की मला त्या अनाम मेकॅनिकची आठवण ठेवल्याचं समाधान मिळतं.

अस्सलपणाचा प्रश्न इथेच येतो. जुना पत्रा हलक्या हाताने घासला की थरांखालून मूळ शेड, अक्षरांच्या कडा, पुसलेली निशाणं वर येतात. उत्तम कारागीर त्यांची मापं घेतो. नंतर तो आधुनिक पॉलियुरेथेन वापरतो, कारण विमान उडवायचं तर गंज रोखायलाच हवा. रसायन नवं, पण छटा, मापं आणि मांडणी जुनी: ही तडजोड मला पटते. मात्र विमानाच्या आयुष्यातला कोणता दिवस रंगवायचा, ही निवड रसायनाहून मोठी आहे. आपल्या हवाई दलात २०१८ मध्ये दाखल झालेलं डकोटा पाहा. ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेल्या त्या विमानाला ‘परशुराम’ नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला गेला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. विमान दुसरं, पण स्मरण खरं. आणि ते उघडपणे सांगितलं जातं, म्हणून ते प्रामाणिक.

स्पिटफायरशी आपलं नातंही असंच जवळचं. ब्रिटिश हवाई दलात १२२ क्रमांकाची ‘बॉम्बे’ आणि १२४ क्रमांकाची ‘बडोदा’ अशी नावं लावणाऱ्या स्पिटफायर स्क्वाड्रन होत्या. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मिळालं. काश्मीर मोहिमेत स्पिटफायर आणि टेम्पेस्ट लढली. त्याच मोहिमेतल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळवणारे मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर निळं अशोकचक्र होतं, पुढे केशरी-पांढरं-हिरवं निशाण आलं.

भारतातून गेलेल्या अशा विमानांवर परदेशात बहुधा ब्रिटिश दिवसच रंगवला जातो. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या पत्र्याने अशोकचक्राचे दिवसही पाहिलेत, आणि तेही रंगवून दाखवण्याच्या योग्यतेचे आहेत. आपल्याकडे असलेल्या जुन्या विमानांपैकी एखाद्यावर १९४७-४८ चा साज नेमक्या शेडसह, नेमक्या मापांत चढावा. त्यासाठी लागणारी नजर आणि हात या औद्योगिक पट्ट्यात रोज कामाला येतात. ते एकदा इतिहासाच्या कामाला यावेत, एवढीच माझी मागणी आहे.