यंत्राला साधलेली विषमता

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील लुई वेगा हा पोर्तोरिकन कुळातला. साल्सागायक हेक्टर लाव्हो त्याच्या नात्यातले. नृत्यगृहांत ध्वनिमुद्रिका वाजवीत तो संगीतरचनेकडे वळला. केनी गोन्झालेझच्या सहकार्याने त्याने १९९७ साली ‘न्यूयोरिकन सोल’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत टीटो पुएन्ते, एडी पाल्मिएरी यांच्यासारखे बुजुर्ग वाजविताना ऐकू येतात.

लॅटिन तालाचा प्राण ‘क्लावे’ हा होय. दोन खंडांत पाच आघात. एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. या विषमतेतच त्याचे चापल्य आहे. हाउस संगीतातील ढोल मात्र चारही मात्रांवर सारख्याच वजनाने पडतो. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानांना तो प्रथम रुक्षच वाटावा!

‘रनअवे’ हे १९७७ चे गीत येथे इंडिया या गायिकेने नव्याने गाइले आहे. आवाज भरदार, साथ संपन्न. तरीही त्या समान आघातांपुढे क्लावे पाहुण्यासारखा संकोचून बसतो, असे म्हणणे भाग आहे. वाद्यवृंदाचा थाट वाढला म्हणून ताल समृद्ध होतोच असे नाही.

याउलट याच जोडीची १९९३ मधील ‘द नर्व्हस ट्रॅक’ ही रचना पाहावी. तेथे कोणी नामवंत नाही. चार मात्रांची ती सक्तीच मोडलेली आहे. ढोल अडखळतो, तोल सावरतो, पुन्हा निसटतो. येथे वादक यंत्राच्या साथीला बसलेला नसून यंत्रच वादकाची चाल शिकले आहे. पाय थिरकतात ते येथेच.