कॅटोच्या शेतघरातील पूजा : पशू आणि दासी

प्राचीन रोमन धर्माचे दोन भाग करण्याचा मोह सहज होतो. एकीकडे राज्याच्या वेदीवरील रक्तबळी आणि दुसरीकडे घरच्या चुलीपाशी माळ, धूप व मद्य वाहून केलेली सौम्य पूजा. मार्कस कॅटो (इ.स.पू. २३४–१४९) याचा शेतीवरील ग्रंथ वाचल्यावर ही विभागणी टिकत नाही, असे आम्हांस वाटते. संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना लॅटिन गद्यग्रंथ होय.

शेतघराची व्यवस्था पाहणाऱ्या दासीने महिन्याच्या तीन ठरलेल्या दिवशी व सणाला चुलीवर माळ घालावी आणि गृहदेवता लार हिची प्रार्थना करावी, असे कॅटो सांगतो. मात्र मालकाच्या आज्ञेवाचून तिने अन्य पूजाविधी करू नये, दुसऱ्याकडूनही करवू नये. साऱ्या घराच्या वतीने पूजा मालक करतो, हे तिने जाणावे, असेही तो बजावतो. याच ग्रंथात शेताच्या शुद्धीसाठी दूधपिते डुक्कर, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवून मार्स देवाला बळी देण्याचा विधी आहे. शकुन अनुकूल न झाल्यास पुन्हा बळी देताना कोणते शब्द उच्चारावेत, हेही त्यात दिले आहे. म्हणजे माळ आणि सुरी एकाच घरातील, एकाच मालकाच्या आज्ञेतील होती. ग्रंथाच्या आरंभी विकून टाकावयाच्या वस्तूंची यादी येते. तीत म्हातारे बैल, जुनी अवजारे, म्हातारा दास व आजारी दास एकाच ओळीत आहेत.

पुढे ओव्हिड या कवीने ‘फास्ती’ या काव्यात बैलाने व मेंढीने कोणता अपराध केला, असा प्रश्न उपस्थित केला. प्रारंभी देवांना धान्य व मीठ पुरत असे, हेही त्याने नोंदविले. त्याची करुणा खरी आहे. परंतु या प्रसंगी ती पशूपाशी थांबते. पूजेसाठी राबणाऱ्या दासाचा प्रश्न तेथे येत नाही.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्ताचे महत्त्व येथे ध्यानात येते. राजा महाविजिताच्या यज्ञात पशू मारले गेले नाहीत. तसेच दास व कामकरी दंडाच्या भयाने, रडत राबले नाहीत, असे ते सुत्त सांगते. आमच्या मते कोणत्याही धर्मविधीची परीक्षा या दोन्ही कसोट्यांवर व्हावयास हवी. कॅटोचे शेतघर दोहोंतही उतरत नाही. तेथील चुलीवरची माळ कितीही सुंदर असली, तरी ती वाहणारीचे हात स्वतंत्र नव्हते.