नकाशातली कोरी जागा

एरिक शिप्टन ह्यांचे ‘ब्लँक ऑन द मॅप’ हे पुस्तक १९३८ साली निघाले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दोनदा वाचले. धाडसाची कथा म्हणून लोक त्याला वाखाणतात. मला ते आवडते वेगळ्याच कारणासाठी.

१९३७ साली शिप्टन, टिलमन, स्पेंडर आणि भूगर्भशास्त्रज्ञ ऑडन सात शेर्पांसह काराकोरममध्ये, के-टूच्या उत्तरेकडील शक्सगाम खोऱ्यात नकाशा करायला गेले. (स्पेंडर आणि ऑडन दोघेही नामांकित कवींचे भाऊ. कवींच्या घरात कोणी तरी मोजमाप शिकले, हे बरेच झाले!) बोचऱ्या वाऱ्यात तिपाईवर फळी मांडायची, दिसेल त्या शिखरावर नेम धरून कागदावर रेघ ओढायची; मग दुसऱ्या जागी जाऊन त्याच शिखराकडे पुन्हा रेघ. दोन्ही जिथे छेदतील तिथे शिखर. जे दिसले नाही, त्याला रेघ नाही.

ह्या शिस्तीचा अर्क टिलमन ह्यांनी लिहिलेल्या प्रकरणात उतरला आहे. १८९२ साली कॉनवे ह्यांनी ‘स्नो लेक’ नावाचा बर्फाचा विस्तार पाहिला आणि तो अफाट असल्याचा अंदाज केला. पुढे वर्कमन दांपत्याने एका हिमनदीला बाहेर पडायला तोंडच नाही, असे जाहीर केले. टिलमन तेथे पायी गेले. स्नो लेक त्या अंदाजाच्या पासंगालाही पुरेना. हिमनदीला तोंडही सापडले. हे सारे ते मिश्किलपणे सांगतात, जिंकल्याचा आव आणीत नाहीत.

पुस्तकाचे नाव मात्र मला खटकते. कोरी जागा, पण कोणाला? शिमशालचे लोक खिंडीपलीकडे याक चारीत आले आहेत. १८८७ साली यंगहजबंड मुझताघ खिंड ओलांडून आले, तेही वली नावाच्या बाल्टी वाटाड्याच्या भरवशावर. मजकूर ह्या माणसांना विसरत नाही, नाव विसरते.

मी हे कोणत्या तोंडाने बोलतो? माझ्या दुसऱ्या कादंबरीत सह्याद्रीतला एक घाट आहे. सोमवारी शाळा होती, म्हणून पायथ्याशी चहा पिऊन मी परतलो आणि माथ्यावर एक बारमाही झरा लिहून टाकला. परीक्षकांना तो फार आवडला. तिथल्या एका धनगराच्या मुलाचे पत्र आले : गुरुजी, वर पाणी नाही. आमची आई खालून हंडा आणते.

दुसऱ्या आवृत्तीत तो झरा मी काढला. तिथे काय लिहावे, ते अजून सुचलेले नाही.