आज्ञापत्रातील 'दायाद'

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (सुमारे 1715) बहुधा राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचले जाते. त्यातील परिभाषेकडे तितकेसे लक्ष जात नाही. वतनदारांच्या प्रकरणात अमात्यांनी देशमुख-देशकुलकर्ण्यांना राज्याचे 'दायाद' म्हटले आहे. हा केवळ अलंकार मानून 'भाऊबंदांसारखे मत्सरी' एवढाच अर्थ घेण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास हा अर्थ अपुरा वाटतो.

'दायाद' हा धर्मशास्त्राचा शब्द होय. मिताक्षरेत दायाचे 'अप्रतिबंध' व 'सप्रतिबंध' असे दोन प्रकार सांगितले असून, पहिल्यात पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो, पित्याच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो. तेव्हा वतनदारास दायाद म्हणणे म्हणजे त्याचा हक्क राजप्रसादातून आलेला नाही, हे राजाच्या नावे निघालेल्या पत्रातच मान्य करणे होय. व्यवहारही तसाच होता. बहामनी गेली, निजामशाही गेली, मोगल आले. सनदा नव्या झाल्या, वतन तेच राहिले.

म्हणूनच 'फ्यूडॅलिझम'ला 'सरंजामशाही' हा प्रतिशब्द योजून वतनदारालाही त्यात कोंबण्याची आपल्या समीक्षेतील रीत सदोष आहे. सरंजाम सेवेसाठी असे व राजा तो काढून घेऊ शके. पुढे सरंजामही वंशपरंपरेने चालले, पण ते शैथिल्यामुळे. वतनास 'मिरास' म्हणत, आणि त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थच वारसा असा आहे. खुद्द युरोपातही चित्र एकजिनसी नाही. पिरेनीजमधील फ्वा व बेआर्नचा अधिपती गास्तों फेबूस याने आपल्या पश्चात प्रदेश फ्रान्सच्या राजास मिळावेत, असा करार 1390 मध्ये केला होता. 1391 मध्ये तो औरस वारसाविना वारला आणि प्रदेश अखेर त्याच्याच कुळातील मात्यू द कास्तेलबों याजकडे गेले.

अमात्यांचा उपाय मात्र त्यांच्या निदानाइतका खोल नाही. वतनदारांस स्नेह व दंड यांच्या मध्ये ठेवावे, असे ते सांगतात. पण जन्मसिद्ध हक्कापुढे दंड कितीसा पुरणार? शिवाय राजारामाच्या काळी सढळ हाताने वतने देणाऱ्या कारभारात ते स्वतःच होते, आणि बावड्याची जहागीर त्यांच्या वंशात विसाव्या शतकापर्यंत चालली!

हैदराबाद राज्यात 1865 च्या जिल्हाबंदीने देशमुखांकडील वसुली काढून घेतली, तरी त्यांना 'रुसूम' लावून द्यावे लागले. आमच्या गंगाखेडच्या बाजूस, वसुलीचे काम कधी न केलेल्या पिढ्याही 'देशमुख' हेच आडनाव लावीत आल्या आहेत.