सुट्टीचे ओझे

सुट्टीला निघताना फ्रेंच कुटुंब घर मागे ठेवून जात नाही; ते घडी घालून मोटारीच्या टपावर बांधते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या ग्रामीण रस्त्यांवर हे दृश्य हमखास दिसते. तंबू, गाद्या, घडीच्या खुर्च्या, गॅसची शेगडी, सायकली, आणि ह्या सगळ्याच्या मधल्या सांदीत बसवलेली मुले. नदीकाठच्या एखाद्या खेड्याबाहेर, पुष्कळदा तिथल्या नगरपालिकेनेच राखलेल्या कुरणात, नंबर घातलेली एक चौकोनी जागा भाड्याने घ्यायची, तीत तंबू ठोकायचा, आणि पुढले दोन-तीन आठवडे पाणी भरण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची सारी घरकामे उघड्यावर करायची, ह्याला तिकडे 'कँपिंग' म्हणतात. आपल्याकडच्या गृहिणीला वाटेल, ह्यात विश्रांती ती कुठली? प्रश्न रास्त आहे, आणि गंमत अशी की ह्या विषयावरचे जे चांगले लेखन आहे तेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारते.

कुटुंबाच्या रानातल्या सुट्टीवरचे लेखन वाचताना मला एक साधी कसोटी उपयोगी पडली आहे. लेखक चांदण्याचे वर्णन कसे करतो हे मागाहून पाहावे. सामान कोण उचलते आहे हे त्याला दिसले आहे की नाही, हे आधी पाहावे.

ह्या कसोटीला पहिला उतरतो तो एक ब्रह्मचारी, आणि तोही फ्रेंच नव्हे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक १८७८च्या शरद ऋतूत दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेन पर्वतात बारा दिवस पायी हिंडला. ल मोनास्तिये गावाहून निघून सें-झां-द्यु-गारपर्यंत. पुढल्याच वर्षी 'ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन' हे पुस्तक निघाले. तंबू उभारायला कटकटीचा आणि लपवायला अवघड म्हणून त्याने झोपण्यासाठी एक मोठी पिशवीच शिवून घेतली: बाहेरून हिरवे मेणकापड, आतून निळी लोकर. पिशवी इतकी अवजड झाली की ती वाहायला गाढवीण घ्यावी लागली. पासष्ट फ्रँक आणि वर एक पेला ब्रँडी देऊन विकत घेतलेली ही मोदेस्तीन. म्हणजे मोकळेपणासाठी बिछाना, बिछान्यासाठी गाढव, आणि गाढव चालावे म्हणून हातात काठी! निम्मे पुस्तक ओझे घसरण्याच्या आणि पुन्हा बांधण्याच्या हकिकतींनी भरले आहे. स्टीव्हन्सनचा मोठेपणा असा की ही फजिती तो लपवीत नाही. जनावराला मारताना आपल्याला लाज वाटली हेही तो लिहून ठेवतो.

पाइनच्या झाडीत उघड्यावर काढलेल्या रात्रीचे त्याचे प्रकरण इंग्रजी गद्याचे भूषण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. सकाळी निघताना त्या रात्रीच्या मुक्कामाचे भाडे म्हणून तो गवतावर नाणी टाकून जातो. पण त्याच रात्री, त्या सुखाच्या ऐन मध्यावर, त्याला वाटते की शेजारी आपल्या माणसाची सोबत हवी होती. त्याची प्रेयसी फॅनी ऑस्बर्न थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकेला परत गेली होती. एकट्या प्रवाशाच्या पुस्तकात पडलेली ही फट मला फार महत्त्वाची वाटते. शेजारी माणूस आले की पोरेबाळे येणार, भांडीकुंडी येणार. मग त्या पिशवीत भागणार कसे?

सामान्य फ्रेंच कुटुंबाच्या वाट्याला हा प्रश्न यायला १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये लेओं ब्लुम ह्यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. लेओ लाग्रांज ह्या तरुण उपमंत्र्याने रेल्वेची सवलतीची तिकिटे काढून दिली. रजा मिळाली, गाडीभाडे उतरले, पण हॉटेलचे पैसे कोठून आणायचे? म्हणून तंबू. रजेचे आठवडे पुढे वाढत गेले. १९५६मध्ये तीन, १९६९मध्ये चार, १९८२मध्ये पाच. श्रीमंतांच्या हौसेतून नव्हे, खिशातल्या अडचणीतून हा रिवाज मोठा झाला, हे विसरले की त्याची थट्टा करणे फार सोपे होते.

ती थट्टा पुष्कळांनी केली आहे. २००६मध्ये 'कँपिंग' नावाचाच एक विनोदी चित्रपट आला आणि फ्रान्समध्ये त्याची पन्नास लाखांहून अधिक तिकिटे खपली. मोटार बिघडल्यामुळे पॅरिसचा एक श्रीमंत सर्जन आपल्या मुलीसह समुद्राकाठच्या तंबूंच्या वस्तीत अडकतो, एवढीच गोष्ट. तोकड्या चड्डीतल्या बढाईखोर माणसाला हसायचे आणि शेवटी त्याला मायेने जवळ घ्यायचे, ही जुनी युक्ती तीत वापरली आहे. ती मला फारशी रुचली नाही. पण त्यात एक म्हातारे जोडपे आहे. वर्षानुवर्षे ते त्याच वस्तीत, त्याच नंबरच्या जागेवर येत आलेले, आणि यंदा ती जागा दुसऱ्याला दिलेली! बदल म्हणून घराबाहेर पडायचे आणि बाहेरही आपला तोच कोपरा हवा म्हणून हट्ट धरायचा, ही माणसाची खोड तेवढी दिग्दर्शकाने नेमकी पकडली आहे. असो.

ह्या साऱ्यात ज्या पुस्तकांकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते ती मार्सेल पान्योल ह्यांची दोन पुस्तके: 'माझ्या वडिलांचा गौरव' आणि 'माझ्या आईचा वाडा'. दोन्ही १९५७ सालची. पान्योल तेव्हा बासष्ट वर्षांचे, नाटककार आणि चित्रपटकार म्हणून कीर्तीच्या शिखरावर. ह्या आठवणींची पहिली प्रकरणे 'एल' ह्या स्त्रियांच्या साप्ताहिकासाठी लिहिली गेली. संपादकाचा तगादा आणि सणाचा मुहूर्त ह्यांतून काय काय निपजते, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

ह्या पुस्तकांत तंबू नाही, पण घर उचलून रानात नेणे मात्र आहे. काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. मार्सेचे एक शाळामास्तर, त्यांची नाजूक प्रकृतीची शिवणकाम जाणणारी बायको आणि मुले उन्हाळ्यासाठी मावशी-काकांच्या भागीदारीत ला त्रेय ह्या खेड्याजवळ डोंगरात एक घर भाड्याने घेतात. वडील जुन्या बाजारातून मोडके लाकूडसामान आणतात, रात्री बसून दुरुस्त करतात, आणि खेचराच्या गाडीवर तो संसार चढवून सगळे निघतात. वडिलांचे नाव जोसेफ. ते पक्के बुद्धिवादी, पाद्र्यांचे वैरी, आणि मुलाच्या दृष्टीने सर्वज्ञ. एका सहकाऱ्याने पकडलेल्या माशाबरोबर फोटो काढून घेतला म्हणून त्यांनी त्याची टर उडवलेली असते. पुढे काकांबरोबर शिकारीला गेल्यावर ते शहरी मास्तर पदोपदी उघडे पडतात. मुलाला ते पाहवत नाही. आणि मग अचानक त्यांच्या हातून दोन दुर्मिळ डोंगरी तित्तिर पडतात. मुलगा कड्यावर उभा राहून ती दोन पाखरे दोन्ही हातांनी उंच धरतो. हाच तो गौरव! आणि त्यानंतर, टर उडवणारे जोसेफ पाखरांसह फोटोसाठी उभे राहतात. आपले वडीलही इतरांसारखेच आहेत हे मुलाला कळते, आणि म्हणून ते त्याला अधिकच आवडतात. वडिलांवरचे इतके प्रेमळ आणि इतके निर्दय प्रकरण मी दुसरे वाचलेले नाही.

पण खरे पुस्तक दुसरे. उन्हाळा संपतो, डोंगराची ओढ संपत नाही. आई शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पत्नीशी गोड बोलून नवऱ्याचे वेळापत्रक असे बदलून घेते की सोमवारी सकाळी त्यांना सुटी मिळावी. घरातल्या बाईचे हे राजकारण पान्योल किती हळुवार सांगतात! आता दर शनिवारी कुटुंब निघते. ट्राम संपते तिथून पुढे कित्येक किलोमीटर पायी, पाठीवर सामान, कडेवर लहान मूल. आई थकत जाते. मग वडिलांचा एक जुना विद्यार्थी भेटतो. तो कालव्याच्या देखरेखीवर नोकरीला असतो. कालव्याची वाट खाजगी वाड्यांच्या आवारांतून जाते, तिने गेले तर अंतर बरेच वाचते. तो मास्तरांना दारांची किल्ली देऊ करतो.

ह्या किल्लीभोवती पान्योल ह्यांनी जे उभे केले आहे ते नाटककाराचे काम आहे. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस आता दर आठवड्याला चोरवाटेने जातो. मनाचे समाधान म्हणून तो वहीत कालव्याच्या भेगा टिपून घेतो. म्हणजे आपण फुकट जात नाही, सरकारी कामच करतो! एका वाड्याचा मालक त्यांना अतिशय सभ्यपणे वागवतो. पण शेवटच्या वाड्याच्या दाराला एके दिवशी साखळी असते, आणि तिथला दारुडा रखवालदार कुत्र्यासह समोर उभा राहतो. तो सामान उघडायला लावतो, मास्तरांना मुलांदेखत टाकून बोलतो, तक्रार करीन म्हणतो. नोकरी जाण्याची धास्ती वडिलांच्या तोंडावर. आई बेशुद्ध पडते.

संकट पुढे टळते; त्या विद्यार्थ्याचा वात्रट उपद्व्याप कामी येतो आणि आपण पोटभर हसतो. पण मुलाने जे पाहिले ते पुसले जात नाही. पहिल्या पुस्तकात वडील उंच होतात, दुसऱ्यात वाकतात. आणि मग पुस्तकाची नावे उलटी वाचावी लागतात. वडिलांचा गौरव म्हणजे दोन पाखरे. आईचा वाडा म्हणजे जिथे तिला एक खोली मिळाली नाही, पाणी मिळाले नाही, जिच्या भिंतीकडून ती फक्त थरथरत गेली, ती वास्तू! ज्या सुट्टीसाठी तिने एवढी खटपट केली तिची किंमत तिनेच भीतीने मोजली. ओझे सामानाचे नव्हतेच. ते लेखकाला पन्नास वर्षांनी दिसले, पण दिसले.

शेवटच्या प्रकरणाविषयी मतभेद आहेत. काही पानांत पान्योल मृत्यू सांगून टाकतात: पाच वर्षांनी आई गेली, डोंगरातला बालमित्र लिली पहिल्या महायुद्धात पडला. पुढे चित्रपटकार झालेला मार्सेल स्टुडिओसाठी न पाहताच एक वाडा विकत घेतो, आणि तिथे गेल्यावर कळते की तो तोच वाडा. ते दार तो दगडाने फोडतो. योगायोग फारच सोयीचा आहे, पडदा टाळ्यांसाठी पाडल्यासारखा वाटतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी त्या दगडाचे मला कौतुक वाटते. मोठा झालेला, पैसेवाला माणूस, दाराची कायदेशीर किल्ली खिशात असताना, दगड उचलतो. आईच्या भीतीला दुसरे उत्तर त्याच्याजवळ नाही, आणि हेही उत्तर तिला कळणार नाही. १९९०मध्ये इव्ह रोबेर ह्यांनी दोन्ही पुस्तकांवर चित्रपट काढले. ते देखणे आहेत, पण त्यांतले ऊन मला फारच गोड लागले.

अगदी अलीकडचे पुस्तक इव्हान झाब्लोन्का ह्या इतिहासकाराचे, 'आँ काँपिंग-कार', २०१८चे. आठव्या-नवव्या दशकात आईवडील मुलांना फोक्सवॅगनच्या गाडीत घालून सुट्टीला नेत. तीत झोपायचे, तीत खायचे, मन मानेल तिथे मुक्काम करायचा. त्यांचे रस्ते फ्रान्सपुरते राहत नाहीत, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने लांबवर जातात. पण फ्रेंच मध्यमवर्गाची तंबूची सुट्टी तीच. इथे वडील मुलांना जणू हुकूम सोडतात की आनंदात राहा! प्रथम हसू येते. मग कळते की ह्या वडिलांचे आईबाप १९४३मध्ये ऑशविट्झला पाठवले गेले, तेव्हा ते जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते. त्या आजीआजोबांचा शोध झाब्लोन्का ह्यांनी २०१२च्या पुस्तकात घेतला आहे. ज्याला बालपण मिळाले नाही तो आपल्या मुलांच्या बालपणावर पहारा करतो. आणि तोही एका जर्मन गाडीच्या चालकाच्या जागेवरून, जिच्या कारखान्याची स्थापना नाझी राजवटीत झाली. मुलांच्या पाठीवर सामान नाही, पण आनंदी राहण्याची जबाबदारी आहे, आणि ती काही हलकी नव्हे.

पुस्तकाचे वैगुण्य एकच. इतिहासकाराला गप्प बसवत नाही. चांगला प्रसंग रंगात आला की तो वर्ग, समाज, शतक ह्यांचे विवेचन मध्ये घालतो. पान्योल असते तर त्यांनी वडिलांना नुसते बोलू दिले असते आणि मागच्या बाकावरची मुले दाखवली असती.

पान्योल ह्यांची दोन्ही पुस्तके इंग्रजीत एका खंडात मिळतात. घरात मोठ्याने वाचून दाखवायची असतील तर शिकारीचा भाग घ्यावा. लहान मुले तित्तिरांपाशी टाळ्या पिटतील. कालव्याचे प्रकरण ती झोपल्यावर वाचावे, आणि शक्य असेल तर मुलांच्या आईने ते वाचताना दुसऱ्या कोणीतरी चहाची भांडी विसळावीत.