खिंडीचे नाव कोणाचे?

नकाशा तटस्थ असतो, असे शाळेतला भूगोल शिकवतो. मला ते मान्य नाही. नकाशा ही एक संहिता आहे, तिला लेखक असतो आणि लेखकाला बाजू असते.

लेफ्टनंट जेम्स सिम्प्सनचा 1849 चा नकाशा घ्या. मुलूख न्यू मेक्सिकोचा: उंचावरचा, कोरडा, सपाट माथ्याच्या डोंगरांचा आणि त्यांतून कोरल्या गेलेल्या खोल घळींचा. रेखाटन एडवर्ड कर्नचे. त्यातले कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण शीर्षकच सांगते की हा कर्नल जॉन वॉशिंग्टनच्या फौजेचा नावाहो लोकांवरील चढाईचा मार्ग आहे. भूमी दिसते ती फौज जिथून गेली तिथून.

याच मार्गावर ऑगस्ट 1849 च्या अखेरीस बोलणी झाली. एका घोड्याच्या मालकीवरून तंटा निघाला आणि फौजेने गोळ्या झाडल्या. तहाची भाषा बोलणारा वृद्ध पुढारी नारबोना आणि आणखी सहा जण मारले गेले. नारबोनाच्या डोक्याची कातडीही सोलून नेली. मग फौज चुस्का डोंगरातली खिंड ओलांडून गेली, आणि सिम्प्सनने तिला नाव दिले: वॉशिंग्टन खिंड! नावाहो तिला तांब्याची खिंड म्हणत. 1835 मध्ये याच नारबोनाने तिथे मेक्सिकन फौजेला धूळ चारली होती.

त्याच प्रवासात सिम्प्सनने चाको घळीतल्या प्राचीन वाड्यांचे अवशेष आस्थेने मोजले, त्यांची नावे टिपली. मेलेल्यांच्या भिंतींसाठी त्याच्याकडे वेळ होता. जिवंत माणसे मात्र त्याच्या लेखी मोहिमेचे लक्ष्य होती. (आपल्याकडेही लेण्यांचे कौतुक करणारे लेण्यांखालच्या वस्तीत क्वचितच उतरतात.) पुढे 1864 मध्ये किट कार्सनच्या मोहिमेत कॅन्यन डी शे या घळीतल्या पीचच्या बागा तोडल्या गेल्या, आणि आठ हजारांहून अधिक नावाहोंना बॉस्के रेडोंडोच्या छावणीत कोंडले गेले. 1868 च्या करारानंतरच ते परतले. खिंडीवरचे नाव तसेच राहिले.

ते बदलले 1992 मध्ये, नावाहो कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर. आता ती नारबोना खिंड आहे. 'नावात काय आहे' असे विचारणारे तिथेही असतील. 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे विद्यापीठाच्या नावासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, जळती घरे पाहिली, त्यांना याचे उत्तर वेगळे सांगायला नको.

जुना नकाशा मात्र एक अक्षर न बदलता छापत राहावा, असे माझे मत आहे. गुन्ह्याची जागा आणि गुन्हेगाराचे नाव इतक्या जवळ क्वचितच सापडते.