शनीच्या छायेतील श्रद्धा

भक्तिगीताने यंत्रयुगाचा पोशाख चढविला म्हणजे तेवढ्याने ते नवे होते काय? ‘ब्रेव्ह सेंट सॅटर्न’ या अमेरिकन ख्रिस्ती रॉक मंडळीची तीन अल्बमांची मालिका ऐकताना हा प्रश्न रसिकापुढे सहजच उभा राहतो. डेन्व्हरच्या ‘फाइव्ह आयर्न फ्रेंझी’ या मंडळीतील गायक रीस रोपर हा या उपक्रमाचा सूत्रधार. ‘सो फार फ्रॉम होम’ हा पहिला भाग २००० साली, ‘द लाइट ऑफ थिंग्ज होप्ड फॉर’ हा दुसरा २००३ साली व ‘अँटी-मेरिडियन’ हा तिसरा २००८ साली निघाला. ‘ग्लोरिया’ नामक यान शनीकडे जाते, टायटन या उपग्रहाच्या छायेत अडकते आणि अखेर पृथ्वीकडे परत फिरते, असे थोडक्यात कथानक.

पहिल्या भागात हे कथानक बाहेरून टाचल्यासारखे भासते. गाणी आपापल्या वाटेने जातात आणि अंतराळवीरांची मधूनमधून येणारी भाषणे त्यांस कशीबशी एका सूत्रात ओवतात. अलंकार अंगाहून वेगळा दिसू लागला की त्याचे ओझे होते. येथे तसेच झाले आहे.

दुसऱ्या भागात मात्र कल्पना आणि भावना एकजीव होतात. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट दूर आहे; तेथील सूर्यप्रकाश येथल्या शतांशाहून फारसा अधिक नाही. तेथून निघालेला रेडिओ-संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास तासाहून अधिक काळ लागतो. अशा ठिकाणाहून घातलेली साद आणि उत्तर न मिळालेली प्रार्थना यांत अंतर ते किती? पलीकडे कोणी नाही म्हणून शांतता आहे, की उत्तर अद्याप वाटेत आहे, हे साद घालणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. या अल्बमचे नाव ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या अकराव्या अध्यायातील श्रद्धेच्या व्याख्येचे स्मरण करून देते, ते उगाच नव्हे.

१९६८ च्या डिसेंबरात ‘अपोलो ८’ मधील अंतराळवीरांनी चंद्राभोवती फिरताना बायबलातील सृष्ट्युत्पत्तीची वचने वाचली. तेथे विजयाचा आनंद होता आणि पृथ्वी नजरेसमोर होती. रोपरच्या यात्रिकांस पृथ्वीही दिसत नाही आणि देवही दिसत नाही. भक्तिसंगीतात संशयास एवढी जागा असावी काय, असे कित्येक भाविक विचारतील. आमच्या मते ती असावयासच हवी. देव भेटत नाही म्हणून आपल्या संतांनी केलेली तळमळ ज्याने अभंगांतून ऐकली आहे, त्यास हा विरह परका वाटणार नाही. अंधाराचे नावच न घेणारी श्रद्धा ऐकणाऱ्याच्या संकटकाळी उपयोगी पडत नाही.

१४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगन्स’ हे यान टायटनवर उतरले आणि त्या उपग्रहाच्या भूमीची छायाचित्रे जगास मिळाली. तथापि, या गीतांतील टायटन त्यामुळे जुना झाला नाही. ज्यांस सवड थोडी त्यांनी निदान दुसरा भाग तरी सलग ऐकावा.